वरचा थर

बाबांना आत नेलं ते त्याच दारातून. आईला नेलं तेव्हा दार पांढरं होतं, आता फिकट हिरवं आहे. हँडल मात्र तेच, सैल.

"पोटात टीव्ही घालणार आणि मलाच बघू देणार नाहीत," स्ट्रेचरवरून बाबा नर्सला म्हणाले.

"तुम्ही झोपणार आहात, आजोबा."

"मग चालेल. टीव्हीसमोर मी झोपतोच. विचारा हिला."

मी हसले. दार लागलं. कवळीची डबी माझ्याकडे राहिली.

जळजळ बाबांची जुनी, आईचीही. जेवण झालं की दोघं आळीपाळीने ढेकर द्यायचे आणि एकमेकांना नावं ठेवायचे. गेल्या महिन्यात साध्या दुर्बिणीतून बाबांच्या जठरात पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेले कोंब, दिसले. पुष्कळसे बारीक, एक मोठा. तो वरवरचा आहे की भिंतीत शिरलाय, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून ही दुसरी दुर्बीण. हिच्या टोकाशी सोनोग्राफी असते, ती भिंतीचे थर दाखवते. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. थर पाच असतात. आईच्या वेळी डॉक्टरांनी कागदावर पाच रेघा ओढल्या, पेन चौथीच्या पलीकडे टेकवलं आणि "इथवर गेलंय" म्हणाले.

दार उघडलं. नर्स घाईने बाहेर आली, माझ्याकडे न बघता गेली आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन परतली.

आईच्या वेळीही असंच दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं होतं.

मी कवळीची डबी पर्समध्ये टाकली. समोरच्या बाकावरच्या बाई वेळ विचारत होत्या. मला घड्याळ दिसत होतं, पण काटे वाचता येत नव्हते.

मग आत तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. "अ‍ॅसिडिटीची गोळी रोज किती घेतात?"

"एक. सकाळी, उपाशीपोटी."

"नक्की?"

हा प्रश्न का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांनी मला आत बोलावलं. बाबा अर्धवट जागे होते, ओठांच्या कडेला लाळ.

"आजोबा, गोळ्या किती घेता?"

"दोन," बाबा म्हणाले. "एक माझी. एक हिच्या आईची."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"ती दोन्ही बशीत काढून ठेवायची," डोळे मिटूनच ते म्हणाले. "एकच कशी ठेवू? बशी रिकामी दिसते. दुकानदार देतो, ओळखीचा आहे."

आई जाऊन सहा वर्षं झाली.

डॉक्टरीणबाईंनी मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला. करड्या पट्ट्या, एकाखाली एक, आणि फुगवटा सर्वांत वरच्या पट्टीत. खालच्या सगळ्या सरळ होत्या. मी त्या मोजल्या, परत मोजल्या.

"वरच्या थरातच आहे. ही औषधं वर्षानुवर्षं घेतली की असे पॉलिप येऊ शकतात. इतके बघून मी सरांना बोलावलं. तुकडा तपासायला पाठवलाय, त्याचा रिपोर्ट येईपर्यंत शब्द देत नाही. पण उद्यापासून एक गोळी बंद."

बाबांनी डोळे उघडले. इतकं घाबरलेलं मी त्यांना दारातून नेतानाही पाहिलं नव्हतं.

"कुणाची?" त्यांनी विचारलं.

मी पर्समधून डबी काढली आणि त्यांची कवळी त्यांच्यापुढे धरली. "आधी ही घाला, मग दोघं मिळून ठरवू."