डल्सीबाईंची गाडी गरम झाली की

माणसाचं खरं स्वातंत्र्य त्याच्या मनात असतं, असं मोठमोठी माणसं सांगून गेली आहेत. डल्सीबाई ट्रेगीअर यांचं ते कार्ब्युरेटरमध्ये होतं आणि गाडी गरम झाली की तिथून उकळून बाहेर यायचं.

“परत एकदा मारा!” बॉनेटमध्ये डोकं खुपसून नेव्हिल मेकॅनिक ओरडला.

स्टार्टर कण्हला, फिरला, फिरतच राहिला. इंजिन काही पेटेना.

“सकाळी एका झटक्यात सुरू झाली रे,” डल्सीबाई म्हणाल्या. “थंड असली की गुणाची आहे.”

“थंड असले की सगळेच गुणाचे असतात. थांबा आता, बॅटरी बसेल.”

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. अकराला परवाना कचेरीतला परीक्षक शेजारी बसून त्यांना गावातून फिरवून आणणार होता. पंच्याऐंशी झाली की ही परीक्षा आलीच, तीही स्वतःच्या गाडीत. परवाना उद्या संपत होता आणि मुलीने दूर ॲडलेड शहरातल्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. खोलीला खिडकी आहे, हे तिने दोनदा कळवलं होतं.

पेट्रोलच्या नळीवर कपडे वाळत घालायचे अकरा लाकडी चिमटे ओळीने बसले होते. नळी थंड राहते म्हणे. आमच्या भागात हा उपाय न केलेला माणूस नाही आणि त्याने बरी झालेली गाडीही नाही.

“हे कुणी सांगितलं?”

“पबमध्ये. आधी चार होते. फरक पडेना म्हणून वाढवले.”

“आणि कपडे?”

“कुंपणाला अडकवते.”

नेव्हिलने एक प्लग काढून ठिणगी पाहिली. निळी, कडक. मग वरचं झाकण उघडून त्याने कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्च मारला. ॲक्सिलरेटरच्या पेडलला कुणी हात-पाय लावला नव्हता, तरी आत पेट्रोल ठिबकत होतं.

“बंद केली की इंजिनची धग वर चढते, पेट्रोल उकळून आत सांडतं. नाकातोंडात गेलंय हिच्या. किल्ली फिरवायच्या आधी काय करता तुम्ही?”

“तीनदा पेडल. माझ्या नवऱ्यानं, अर्नीनं शिकवलंय.”

“म्हणजे वरून आणखी पाजता. थंड असताना ठीक आहे, गरम असताना नाही.”

“एकोणपन्नास वर्षं तीनदाच दाबतेय मी, नेव्हिल. अर्नीच्या मयतीलासुद्धा.”

“मग परत येताना सुरू झाली?”

“बंदच केली नव्हती.”

नेव्हिलने घड्याळ पाहिलं. “आता पेडल पार तळाला. दाबून धरलं की भरपूर हवा जाते, उचलून परत दाबलं की पेट्रोल. म्हणून उचलायचं नाही, आणि मग किल्ली.”

पाय सवयीने दोनदा उचलला गेला. “अहो, अर्नीला विसरा जरा!” नेव्हिल ओरडला आणि लगेच ओशाळला. तिसऱ्या वेळी गाडी खोकली, काळा धूर ओकली आणि चालू झाली.

“आता बंद करा.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“परीक्षक बंद गाडीच चालू करायला लावतो.”

डल्सीबाईंनी डोळे मिटून किल्ली फिरवली.

अकराला परीक्षक आत बसला. “करा सुरू.” समोरच्या फुटपाथवर नेव्हिल आधीच स्वच्छ असलेला पाना पुसत उभा राहिला. डल्सीबाईंनी पेडल तळाला दाबलं आणि पाय उचलला नाही. स्टार्टर फिरला. फिरला. फिरला. मग धूर आला, परीक्षक खोकला, त्याने काहीतरी लिहिलं आणि गाडी कोपऱ्यावरून वळली.

पाऊण तासाने डल्सीबाई हातातला कागद नाचवत परतल्या.

“पास! म्हणाला, हात उत्तम आहे. लांबचं जरा कमी दिसतं म्हणून एक अट घातलीय, एवढंच. वाच ना!”

नेव्हिलने कागद दोनदा वाचला. गाडी चालवण्याची परवानगी, राहत्या घरापासून वीस किलोमीटरच्या आत.

डल्सीबाईंचं घर त्यांच्या मेंढ्यांच्या रानाच्या आत आहे आणि रानाचं फाटक घरापासून तेवीस किलोमीटरवर. फाटकाच्या आत, स्वतःच्या जमिनीवर, परवाना लागत नाही.