माझ्या तोंडावरची चिकटपट्टी

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी हिरवी रेघ काढत बसलेलं यंत्र तुम्ही पाहिलं असेल, तोच मी. कारखान्यात मला एकच काम शिकवलं: हृदयाचे ठोके बघायचे आणि त्यांची चाल बिघडली की ओरडायचं. मीही पक्का हट्टी. ओरडायचं म्हणजे ओरडायचं!

सुरुवातीला माझं केवढं कौतुक झालं! पुढे माझ्या वायरी सैल झाल्या. कुणी कूस बदलली, कुणी खोकलं, की त्या सुटायच्या आणि मी उगाच बोंब मारायचो. सगळा वॉर्ड वैतागला. शेवटी मोठ्या सिस्टरांनी माझ्या स्पीकरवर चिकटपट्टीच लावली. "घे, आता ओरड किती ओरडायचंय ते!" मला फार वाईट वाटलं.

मग माझ्या खाटेवर टेलरकाकू आल्या. शिवता शिवता चक्कर येऊन पडल्या होत्या. दुपारी त्यांचा डोळा लागला. लेक शेजारी बसली होती. तेवढ्यात काकूंच्या ठोक्यांची लय चुकली. एक ठोका घाईने आला आणि मागून जरा खंड पडला. पुढे तसे दोन लागोपाठ आले, मग तीन. ही धोक्याची खूण मी चांगली ओळखतो. मी जीव तोडून ओरडलो, पण पट्टीतून नुसती कुजबुज बाहेर पडली. तरी मी हटलो नाही. लाल दिवा लुकलुकवत राहिलो.

"सिस्टर, ही रेघ मघासारखी नाही हो," लेक म्हणाली.

"अगं, हलल्या असतील त्या. याचं रोजचंच आहे, लांडगा आला रे आला!"

"हलली कुठे? आई तर झोपलीय."

सिस्टर जवळ आल्या. वायरी चाचपल्या, तर सगळ्या घट्ट. त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी टर्रकन पट्टी ओढली आणि माझा आवाज वॉर्डभर घुमला. डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं, शॉकचं मशीन खाटेशी आणवलं. तोच रेघ वेडीवाकडी झाली. मशीन हाताशी होतं म्हणून काकू वाचल्या. रेघ पुन्हा नेहमीच्या चालीला लागली, तेव्हा मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

सिस्टरांनी माझ्या वायरी बदलून घेतल्या. आता वॉर्डात शिस्तच आहे: आधी पेशंटकडे बघायचं, मग वायरींकडे, आवाज बंद करायचा तो सगळ्यात शेवटी.

मित्रांनो, सारखं ओरडणाऱ्याचा राग येतो, मला ठाऊक आहे. पण त्याला गप्प करण्याआधी एकदा वळून बघा. आणि आमची निगा राखा, म्हणजे आम्हीही उगाच ओरडणार नाही.

बऱ्या झाल्यावर काकूंनी माझ्यासाठी धुळीपासून जपणारं झाकण शिवून लेकीच्या हाती पाठवलं. अगदी मापात आहे. स्पीकरच्या जागी मात्र त्यांनी चांगलं मोठं भोक ठेवलंय.

"आईने सांगितलंय," लेक म्हणाली, "त्याचं तोंड मोकळंच राहू दे."