बघू म्हणणारी तीन घरं

बारावीचा निकाल लागला की बोरिवली पूर्वेच्या त्या तीन मजली इमारतीतले लोक आधी देवापुढे साखर ठेवायचे आणि मग दुसऱ्या मजल्यावर श्यामसुंदर पाटकरांकडे जायचे. देव काही बोलत नाही. पाटकर बोलायचे, आणि आकड्यात बोलायचे. "यादी चौदापर्यंत येईल. तुमचा सतरावा ना? मग उगाच वाट बघत बसू नका, मिळतंय ते घ्या." असं तोंडावर. समोरच्याचा चेहरा पडला तरी आकडा बदलायचा नाही.

पाटकर काही कॉलेजातले नव्हते की क्लासवाले नव्हते. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जन्ममृत्यूचे दाखले लिहायचे. पण इंजिनिअरिंगची वेटिंग लिस्ट कशी सरकते हे त्यांना कळायचं तेवढं प्रिन्सिपॉललाही कळत नसेल. अहो, साधी गोष्ट आहे. इंजिनिअरिंगची यादी लागते जुलैत, मेडिकलची ऑगस्टात. ज्या पोरांनी गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेलं असतं ती इंजिनिअरिंगची जागा अडवून बसतात आणि मेडिकल लागलं की पळतात. जेवढे पळतात तेवढी यादी खाली सरकते. बाकीचे आईबाप नवस बोलत बसायचे. पाटकर छत्री घेऊन जागा अडवून बसलेल्या अशा पोरांच्या घरी जायचे, बेल वाजवायचे आणि सरळ विचारायचे, "मेडिकल मिळालं तर मुलगा जाणार का?"

उत्तरं तीनच यायची. जाणार, नाही जाणार, आणि बघू. यातलं 'बघू' पाटकर 'नाही'मध्ये धरायचे. आपल्या माणसांना तोंडावर नाही म्हणायची चोरी. स्थळ सांगून आलं तरी बघू, बारशाला बोलावलं तरी बघू. एकदा तर चंद्रप्रकाश नावाच्या मुलाचे वडील त्यांच्याशी तासभर भांडले, की चार जण बघू म्हणालेत, त्यातले दोन तरी जातील. पाटकर म्हणाले, "बघू म्हणणारा जागचा हलत नाही." चारांतला एकही हलला नाही. सहा वर्षांत हा नियम चुकला नव्हता.

शहाऐंशी साली पाटकरांची स्वतःची मुलगी त्या यादीत आली. क्षमा. अंधेरीच्या कॉलेजात वेटिंग लिस्टवर अकरावी. म्हणजे प्रवेश मिळालेले आणि यादीत तिच्या वरचे मिळून अकरा जण गळायला हवेत. कऱ्हाडच्या कॉलेजात मात्र तिचं नाव पहिल्याच यादीत लागलं होतं. अट एवढीच, की सोमवारी दुपारी बाराच्या आत मार्कलिस्ट आणि लीव्हिंग सर्टिफिकेट तिथं जमा करायचं. ट्रू कॉपी चालणार नाही, अस्सल पाहिजे. आणि अस्सल दाखला माणसाला एकच मिळतो. तो एकदा कऱ्हाडच्या कपाटात गेला की वर्षभर बाहेर येत नाही, म्हणजे अंधेरीचा रस्ता बंद. बरं, कऱ्हाड सोडलं आणि अंधेरीची यादी दहावर अडकली, तर इंजिनिअरिंगच हातचं गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं.

पाटकरांनी ऑफिसातून अर्ध्या दिवसाच्या रजा टाकल्या आणि आठ दिवसांत सतरा घरं पालथी घातली. गोरेगाव, कुर्ला, चेंबूर, घाटकोपर, मुलुंड. नऊ जण म्हणाले जाणार. पाच जण म्हणाले नाही. आणि तिघे म्हणाले बघू. घाटकोपरच्या बाईंनी कोकम सरबत पुढे केलं आणि हसून म्हणाल्या, "बघू हो, अजून काही ठरलं नाही." मुलुंडचे गृहस्थ पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. चेंबूरचा मुलगा स्वतःच म्हणाला, पण म्हणताना वडलांकडे बघत होता.

म्हणजे नऊ. क्षमा अकरावी. चौथीतल्या पोरानं सांगावं असं गणित.

गुरुवारी संध्याकाळी पाटकर परतले. जिना चढताना त्यांनी सवयीनं वर बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता. बायको, पद्मजा, जाऊन तीन वर्षं झाली होती, पण या तीन वर्षांत त्यांना एकदाही स्वतःच्या हातानं कुलूप उघडून घरात जावं लागलं नव्हतं. क्षमा आधी आलेली असायची. खिशातली किल्ली नुसती जुनी होत चालली होती. ते जिन्यातच थांबले. पुढच्या महिन्यात ही खिडकी काळी दिसेल, आत जाऊन आपणच दिवा लावायचा, साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे तेही आपल्याला ठाऊक नाही. पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसाला चक्क भीती वाटली. लहान मुलाला वाटते तशी.

"बाबा, कितीपर्यंत येईल?" क्षमानं ताट मांडता मांडता विचारलं.

पाटकरांनी छत्री खुंटीला अडकवली, हात धुतले, पुसले, आणि म्हणाले, "बारा."

तिन्ही बघू त्यांनी 'जाणार'मध्ये ढकलले होते. मनाची समजूत काढली, की माणसं बदलतात, दरवर्षी तेच होतं असं थोडंच आहे. हेच कुणी दुसरा बाप म्हणाला असता तर पाटकरांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

"मग कऱ्हाड सोडू?"

"सोड."

"नक्की ना?"

"माझा आकडा कधी चुकलाय का?"

पोरीनं विश्वास ठेवला. का ठेवू नये? सगळी इमारत ठेवायची. तिनं माळ्यावरून काढलेली बॅग परत माळ्यावर ठेवली आणि त्या रात्री पिठलं-भात जेवताना पुष्कळ दिवसांनी बडबड केली. पाटकर हूं हूं करत राहिले. घास काही गोड लागला नाही.

शनिवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या वसुधाबाई वर आल्या. या बाई दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या आणि एरवी सगळ्या इमारतीची खबर. दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारायचं होतं. माझ्या भावाचा मुलगा, विद्याधर. अंधेरीच्या यादीत त्याचा दहावा आहे. पुण्याला मिळतंय, पण भाऊ म्हणतो थांबू या. तुमचं काय म्हणणं?"

"पुणं घ्या," पाटकर म्हणाले. "थांबू नका. यादी नवाच्या पुढे जात नाही."

त्यांनी विचारसुद्धा केला नाही. सहा वर्षांची सवय, आकडा आपोआप बाहेर पडला. वसुधाबाई "बरं झालं बाई विचारलं" म्हणत भावाला निरोप द्यायला खाली गेल्या. स्वयंपाकघरात पोळ्या लाटायचा आवाज चालू होता, तो थांबला.

क्षमा दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं.

"बाबा, दहावा आत जात नाही, तर अकरावी कशी जाते?"

पाटकर दार लावायला वळले.

"परवा तुम्ही बारा म्हणालात."

"तीन बघू धरले मी."

"तुम्ही? बघू धरलेत?"

"धरले."

"का?"

याचं उत्तर काही अवघड नव्हतं. 'तू गेलीस तर मी या घरात काय करू' एवढंच होतं ते. पण बापाच्या तोंडून ते निघेना. ते म्हणाले, "चुकलं माझं." क्षमा चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं आत जाऊन गॅस बंद केला, स्टूल ओढलं आणि माळ्यावरची बॅग पुन्हा खाली काढली. पाटकरांनी उठून स्टूल धरलं. मग कपाटातली फाईल काढून अस्सल दाखला आणि मार्कलिस्ट त्यांनीच तिच्या बॅगेत वरच्या बाजूला ठेवली.

रविवारी दोघं मुंबई सेंट्रलहून एस.टी.नं कऱ्हाडला गेली. सोमवारी साडेदहाला कागद जमा झाले, कारकुनानं पावती दिली. होस्टेलच्या फाटकाशी क्षमा म्हणाली, "डाळ-तांदळाच्या डब्यांवर नावं लिहून ठेवलीत. साखर मधल्या फळीवर." पाटकर बरं म्हणाले. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी खिशातली किल्ली काढली. कुलूप काही केल्या उघडेना. मग लक्षात आलं, ते उलटी फिरवत होते.

ऑगस्टात मेडिकलच्या याद्या लागल्या. दहा दिवसांनी पाटकर अंधेरीच्या कॉलेजात गेले. काम काही नव्हतं. दरवर्षी यादी बघायची सवय, म्हणून गेले.

बोर्डावर वेटिंग लिस्टमधून घेतलेल्यांची नावं होती. शेवटचं नाव क्षमा श्यामसुंदर पाटकर. गुरुवारपर्यंत अस्सल कागदांसह हजर राहावे.

पाटकरांनी नाव तीनदा वाचलं, मग हिशेब केला. नऊ जाणारे गेलेच होते. बघूवाल्यांपैकी मुलुंड आणि चेंबूर जागचे हलले नव्हते, पण सरबत देणाऱ्या घाटकोपरच्या बाईंचा मुलगा मेडिकलला गेला होता. ते झाले दहा. अकरावा कोण? अकरावा विद्याधर. पुण्याला गेला होता, पाटकरांच्याच सांगण्यावरून. इमारतभर अक्कल वाटणाऱ्या माणसाला एवढं सुचलं नव्हतं, की दहावा गेला म्हणजे अकरावीची एक पायरी कमी होते. शनिवारी संध्याकाळी स्वतःच्याच दारात स्वतःच्याच तोंडानं त्यांनी मुलीला रस्ता मोकळा करून दिला, आणि दुसऱ्या दिवशी तिला दूर पोचवून आले. खरं बोललं की चांगलं होतं म्हणतात. म्हणणाऱ्यांना काय जातंय!

आजूबाजूला आईबाप होते, कुणी हसत होते, एक बाई पदरानं डोळे पुसत होत्या. पाटकरांना वाटलं, कुणाला तरी सांगावं, ही माझी मुलगी, हे बघा शेवटचं नाव. मग विचार केला, सांगून करायचं काय. ते बसनं घरी आले. खिडकी काळी होती. या वेळी कुलूप पहिल्या फटक्यात उघडलं.

आठवड्यानं क्षमाचं पत्र आलं. मेसच्या आमटीची तक्रार, सांगलीची एक मैत्रीण, वर्कशॉपात हाताला आलेले फोड, आणि खाली एक ओळ. 'अंधेरीची यादी कुठं थांबली?'

पाटकरांनी पोस्टकार्ड घेतलं. 'नवावर थांबली. तू गेलीस ते योग्यच झालं.' हा त्यांचा दुसरा खोटा आकडा. पहिला स्वतःपायी सांगितला होता, हा तिच्यापायी. कार्ड पेटीत टाकून आले तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं, आणि घरात शिरल्यावर पुन्हा होतं तसंच.

दिवाळी जवळ आली. क्षमाचं पत्र आलं. ड्रॉइंगच्या शीट पुऱ्या करायच्या आहेत, सांगलीच्या मैत्रिणीनं चार दिवस घरी बोलावलंय, सुट्टीही थोडीच आहे. 'मुंबईला यायचं जमतंय का, बघू.'

पाटकरांनी पत्र घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं, काढलं, परत वाचलं. त्यांच्याइतका त्या शब्दाचा अर्थ कुणाला ठाऊक होता? पण घाटकोपरच्या बाई नव्हत्या का हलल्या? तिघांतलं एक घर हललंच होतं की.

जिन्यात वसुधाबाई भेटल्या. हातात ऑर्डरींची वही, कानामागे पेन्सिल. "भाऊजी, चकल्या किती लिहू? क्षमा येतेय ना?"

"येतेय," पाटकर म्हणाले. "दोघांच्या लिहा."

"तसं कळवलंय तिनं? नाहीतर मागून तुम्ही एकटे खात बसाल."

"कळवलंय. आणि वहिनी, तिला कडबोळी आवडतात. ती जरा जास्त करा."