बोनटावरचं तेज

किसनरावांच्या दारात त्या सकाळी अख्खं गाव लोटलं होतं. रात्रभर मठात राहून आलेल्या जीपला झेंडूचा हार, बोनटावर हळदकुंकू आणि पुढे टेकडीवाले महाराज डोळे मिटून उभे. त्यांनी बोनटावर तळहात टेकवला, पोटातून एक हुंकार काढला, आणि किसनरावांनी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू. पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू. असं सहा वेळा झालं. बायकांनी हात जोडले.

हीच जीप महिनाभर याच दारात सकाळी सकाळी मरून पडायची, चौघांनी ढकलल्याशिवाय हलायची नाही. महाराजांच्या मठात एक रात्र राहून आली की मात्र सहा-सात दिवस ठणठणीत.

"माह्या मठात चालते, इथं मरते," महाराज म्हणाले. "मंग दोष गाडीत हाय का जागेत?"

आणि त्यांनी बोट रोखलं ते समोरच्या घराकडे. ते घर आमचं. दारात उभी होती ती माझी माय, कांताबाई.

मी हे शांतपणे सांगणार नाही, आधीच सांगून ठेवते. माझ्या मायला चेटकीण म्हटलं या माणसाने. ते बोंडअळीचं साल होतं. कापूस अर्धा सडलेला, वेचणीचं काम थोडं, आणि किसनरावांची जीप बंद पडली की वेचणीला जाणाऱ्या वीस बायकांचा रोज बुडायचा. संताप कुणावर तरी निघणार होताच. माय एकटी राहणारी, बौद्ध, महाराजांच्या चेल्याला नारळ द्यायला तोंडावर नाही म्हणालेली. आयतीच सापडली. बारा दिवस तिला कुणी वेचणीला नेलं नाही. दारात रोज कापलेलं लिंबू आणि राख. त्या सकाळी तर महाराजांनी फर्मानच काढलं की पौर्णिमेच्या आत या बाईने गाव सोडावं.

मी मैत्रेयी. आयटीआय केलेली, दिग्रसला बॅटरीच्या दुकानात चार वर्षं कामाला. आदल्या रात्री मायचा फोन आला तशी त्या सकाळी पहिल्या एसटीने गावी आले, पिशवीत मीटर घेऊन. जीपच्या काचेवर दिवाळीत बसवलेला कॅमेरा दिसला आणि निम्मं कोडं तिथेच सुटलं. उरलेलं निम्मं महाराजांच्या तोंडून काढायचं होतं. बॅटरी कितीही उतरलेली असली तरी महाराजांची जीभ फुल चार्ज होती.

मी हात जोडून विचारलं, की मठात रात्रभर गाडीवर नेमकं काय होतं.

"तेज उतरते पोरी," महाराज खुलले. "दिवेलागणीपासून पहाटलोक बोनटावर निळं तेज. पाप्याले दिसत नाई."

मी किसनरावांकडे वळले. "काका, तुमचा कॅमेरा गाडी उभी असली तरी शूटिंग करते ना?"

"चोवीस तास," किसनराव छाती फुगवून म्हणाले. डिझेल चोरीला जायचं म्हणून त्यांनी तो थेट बॅटरीला जोडून घेतला होता.

"मंग कालचं तेज त्यात आलंच असन. दाखवा ना गावाले."

किसनरावांचा चेहरा उजळला. महाराजांचा उतरला. कॅमेऱ्याने चित्रण करू नये, देव कोपेल, असं ते घाईघाईने म्हणू लागले. पण किसनरावांना आता तेज पाहायचंच होतं. त्यांनी मोबाइल लावला आणि गाव त्याच्याभोवती वाकलं.

मठाचं अंगण दिसलं. दिवेलागणीची वेळ. महाराजांचा चेला मारोती इकडेतिकडे पाहत गाडीपुढे आला. हातात दहा नंबरचा पाना. बोनट उघडलं, काचेपुढे तेच आडवं आलं, खटखट ऐकू आली आणि चित्रण तुटलं. पुढचं चित्र एकदम सकाळचं. बोनट खाली येतंय, मागे पुन्हा मारोती, तोच पाना. मधली अख्खी रात्र कोरी.

किसनरावांच्या बायकोने, बेबीताईंनी, हळूच विचारलं, "तेज कुठी हाय मा?"

मी बोनट उघडून बॅटरीचा काळा, म्हणजे निगेटिव्ह खांब दाखवला. मारोती रात्री त्याची वायर काढून ठेवायचा आणि सकाळी परत जोडायचा. वायर काढली की कॅमेरा बंद, बॅटरी जशीच्या तशी. वर मठापर्यंत जाणं-येणं सत्तर किलोमीटर. तेवढ्या पळण्यात बॅटरी चांगली भरून निघते. इथे गावात मात्र जीप चार किलोमीटर शेतात जाते, तेवढीच परत येते. कॅमेरा रात्रभर वीज पितो, कुत्रं हललं तरी जागा होतो. भरणं कमी, पिणं जास्त. आठवडा गेला की गाडी बसली. मग पुन्हा मठ, पुन्हा दक्षिणा. मी मीटर लावला. मठाच्या फेरीत भरलेली बॅटरी बारा पॉइंट सहा व्होल्ट दाखवत होती, म्हणजे फुल.

"इलाज सांगतो," मी म्हणाले. "कॅमेऱ्याची वायर किल्लीसंग चालू-बंद होईन अशी जोडा. रातची राखण पायजेच असन तर बारा पॉइंट दोनवर कॅमेरा तोडणारी डबी बसवा. आठवड्यातून एकदा गाडी लांब पळवा. एवढंच. याच्यात माही माय कुठी येते ते सांगा मले."

मारोती सटकत होता. बायकांनीच त्याची वाट अडवली.

"झालं गेलं सोड पोरी," किसनराव म्हणाले. "कांताबाई, उद्यापासून या वेचणीले."

मी सोडलं नाही. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहायला बसले, तिथेच, त्याच दारात. पहिलं नाव महाराजांचं, दुसरं मारोतीचं, तिसरं किसनरावांचं.

"माहं नाव कायले? मी त फक्त मानलं."

"तुमी बोनट न उघडता मानलं म्हणून माह्या मायले गाव सोडा लागत होतं. चार वर्षं मी दिग्रसमधी हाय, दुकानापासून दोनशे पावलांवर तुमची मुलगी रायते, मले भेटते. एक फोन केला असता काका. विचारायले काय लागते?"

ठाण्यात हवालदाराने मायला विचारलं, अजून काही लिहायचं आहे का. माय माझ्याकडे न पाहता त्यांना म्हणाली, "लिहा, बारा दिवस या लोकायपैकी एकानंही मले ईचारलं नाई, का बाई, तू जेवली का."