भगदाडावरचा पहारा

सिसिलीतल्या पालेर्मोच्या लढाईत बोर्तोलोच्या मांडीला गोळी चाटून गेली आणि त्याला चालावं न लागणारं काम मिळालं. नेपल्सच्या राजाच्या तोफांनी शहर भाजून काढलं होतं. त्यातला एक गोळा नन्सच्या मठाच्या मागच्या भिंतीवर येऊन पडला आणि भिंतीला बैल आत जाईल एवढं भगदाड पडलं. आता तह झाला होता. राजाचं सैन्य बंदराजवळ जहाजांची वाट बघत बसलं होतं. पण शहरात गवंडी मिळणं मुश्कील झालं होतं, कारण सगळ्यांचीच घरं पडली होती. तोवर त्या भगदाडापाशी कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

सार्जंट तिरोनी त्याला तिथे घेऊन गेला. "रस्त्याकडे तोंड, भिंतीकडे पाठ," तो म्हणाला. "आत कुणाला सोडायचं नाही. आणि तू आत बघायचंसुद्धा नाहीस. या बायका एकदा आत गेल्या की मेल्यावरही बाहेर येत नाहीत, आतच पुरतात त्यांना. परक्या पुरुषाने त्यांच्याकडे बघायचं नसतं."

"आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं तर?"

सार्जंटने थोडा विचार केला. "त्याबद्दल काही हुकूम नाही," तो म्हणाला आणि निघून गेला.

बोर्तोलो एकोणीस वर्षांचा, दूर उत्तरेकडच्या बेर्गामोचा, एका छत्रीवाल्याचा मुलगा. गॅरिबाल्डीच्या लाल सदरेवाल्या सैन्यात का आलास असं विचारलं की बाकीची पोरं देशाबद्दल बोलत, इटली एक करण्याबद्दल बोलत. बोर्तोलोलाही ते सगळं पटत होतं. पण खरं सांगायचं तर त्याला समुद्र बघायचा होता. समुद्र बघितला, जहाजाच्या कठड्याला धरून पोटातलं सगळं ओकून झालं, आणि मग पलीकडे काय आहे ते बघायची हुरहुर लागली. त्याची आई म्हणायची की हा पोरगा स्वर्गाच्या दारात पोचला तरी आधी बिजागरी कशी बसवली आहे ते बघत बसेल. अशा माणसाला भगदाडाकडे पाठ करून उभं केलं होतं.

पहिला दिवस मानेला रग लागण्यात गेला. आतून संत्र्यांच्या झाडांचा वास यायचा, पाणी ओतल्याचा आवाज यायचा, बायका हळू आवाजात प्रार्थना म्हणायच्या. बोर्तोलो समोरच्या पडक्या घराकडे बघत उभा राहायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पाठीमागून, भगदाडाच्या कडेआडून, एक बाई म्हणाली, "तुझा सदरा तर लाल नाही."

बोर्तोलो दचकला, पण वळला नाही. "माझ्यापर्यंत येता येता लाल सदरे संपले," तो म्हणाला. "हे माझं घरचंच जाकीट आहे."

"अस्सं." आवाजात निराशा होती. "आणि तुम्ही लोक लहान मुलं खाता, ते?"

"अजून तरी नाही खाल्लं. इथे आल्यापासून वाल आणि पावाशिवाय काही मिळालेलं नाही."

आत कुणीतरी हसू दाबल्याचं त्याला ऐकू आलं. म्हणजे त्या एकापेक्षा जास्त होत्या.

त्या बाईचं नाव सिस्टर सेराफिना. ती सिसिलीच्या बोलीत बोलायला लागली की बोर्तोलोला ओ की ठो कळायचं नाही, आणि त्याच्या बेर्गामोच्या बोलीवर ती "हे तू बोलतोयस की खोकतोयस?" असं विचारायची. मग दोघंही पुस्तकातलं इटालियन बोलायचे, सणासुदीला ठेवणीतले बूट घालून चालावं तसे जपून. ती सात वर्षांची असताना मठात आली होती. तिची मोठी बहीण लग्नाची होती आणि घरात दोघींच्या हुंड्याची सोय नव्हती, एवढंच तिने सांगितलं, आणि तेही हवापाण्याबद्दल बोलावं तसं. त्यापेक्षा तिला विचारायचंच फार होतं. आगगाडी थांबते कशी? बर्फ पडताना आवाज होतो का? समोरच्या घराचा दरवाजा हिरवा होता, अजून हिरवाच आहे का?

"दरवाजाच नाही राहिला, सिस्टर."

"हं." मग ती म्हणाली, "तुला एक काम सांगू का, पोरा? त्या कोपऱ्यापलीकडे काय आहे ते मला सांगशील?"

मग तिने त्याला आवाजाची गोष्ट सांगितली. ती मठात आली त्या दिवसापासून रोज सकाळी कोपऱ्यापलीकडून एक आवाज यायचा. आधी धप्. मग लांबलचक करकर, जुनं दार उघडावं तशी. मग पुन्हा धप्. असं किती तरी वेळ. आतल्या बायकांनी त्यावर नाना तर्क लढवले होते. कुणी म्हणायची शवपेट्या करणारा सुतार आहे. कुणी म्हणायची कुणीतरी पापी माणूस छाती बडवून घेतोय. त्यावर फार बोलणं व्हायला लागलं, प्रार्थनेतलं लक्ष उडायला लागलं, म्हणून मठाच्या मदरनी त्या आवाजाचा विषयच बंद करून टाकला होता.

"आणि आता तो आवाज थांबलाय," सिस्टर सेराफिना म्हणाली. "लढाई सुरू झाली त्या दिवसापासून. एवढी वर्षं तो काय आहे ते कळलं नाही. आता का थांबला तेही कळेना. मला झोप लागत नाही रे."

खरं तर आता बोर्तोलोलाही लागणार नव्हती. दुपारी दुसरा शिपाई पहाऱ्यावर आला तसा तो लंगडत कोपऱ्यापलीकडे गेला.

तिथे एक गल्ली होती आणि गल्लीत एकच दुकान उघडं होतं. उघडं म्हणजे दार सताड उघडं टाकलेलं आणि आत काहीच चाललेलं नाही. उंबऱ्यावर एक जाडजूड माणूस हनुवटीला हात लावून बसला होता. त्याची बायको आत रव्याची रिकामी पोती झटकत होती. माणसाचं नाव नोफ्रियो, बायकोचं आगातिना. बोर्तोलोने आवाजाबद्दल विचारलं ते नोफ्रियोला मुळीच कळलं नाही. शेवटी बोर्तोलोने तोंडानेच आवाज काढून दाखवला. धप्, कर्रर्र, धप्.

नोफ्रियोचा चेहरा बदलला. "दांडा," तो म्हणाला. "माझा दांडा. अहो शिपाईदादा, तुमच्या लढाईपायीच गेला की तो."

मग हातवारे, आगातिनाने मध्येमध्ये पुरवलेले शब्द आणि जमिनीवर खडूने काढलेलं चित्र, असं करत उलगडा झाला. नोफ्रियो मॅकरोनी करायचा. रव्याची कणीक इतकी घट्ट असते की ती हाताने मळता येत नाही. त्यासाठी एक लांब, जड लाकडी दांडा लागतो. त्याचं एक टोक भिंतीतल्या खुंट्याला अडकवलेलं, खाली पाटावर कणकेचा गोळा, आणि दुसऱ्या टोकावर माणसं ओळीने बसतात आणि उड्या मारतात. दांडा कणकेवर आदळतो, वर येताना खुंट्यात करकरतो. लढाई सुरू झाली तेव्हा मोहल्ल्यातल्या पोरांनी दांडा उचलून नाक्यावरच्या मोर्चेबंदीत घातला होता.

"मी नाही म्हटलं नाही," नोफ्रियो म्हणाला. "स्वातंत्र्य हवं तर घ्या दांडा. पण आता लढाई झाली ना? मी मागायला गेलो तर तुमचा तो मिशीवाला म्हणतो, मोर्चेबंदीला हात लावलास तर आत टाकीन. गल्लीतले लोक मला शिव्या घालतायत. मॅकरोनी कुठाय, मॅकरोनी कुठाय. माझ्या ढुंगणाखाली दांडा नसेल तर मॅकरोनी काय मी बोटांनी वळू?"

"शिपायासमोर नीट बोला," आगातिना आतून म्हणाली.

मिशीवाला म्हणजे सार्जंट तिरोनी. बोर्तोलो त्याच्याकडे गेला. नाक्यावरची मोर्चेबंदी अजून उभी होती. फरसबंदीचे दगड, उलटी केलेली घोडागाडी, गाद्या, आणि मधोमध आडवा तो दांडा, वर्षानुवर्षं माणसं बसून बसून गुळगुळीत झालेला.

"राजाचे शिपाई अजून बंदराजवळ बसलेत," सार्जंट म्हणाला. "ते जहाजात चढून दिसेनासे होईपर्यंत इथला दगडसुद्धा हलणार नाही. हा दांडा काढला तर वरचं सगळं खाली येईल."

"आणि त्याच्या जागी दुसरं लाकूड बसवलं तर?"

"आणशील कुठून? सगळ्या शहरात लाकडाचा तुकडा शिल्लक नाही. लोक चुली पेटवायला खुर्च्या फोडतायत."

दुसऱ्या दिवशी बोर्तोलोने हे सगळं भिंतीकडे पाठ करून सांगितलं. सिस्टर सेराफिनाने त्याला दोनदा थांबवलं.

"बसून उड्या मारतात?"

"तीन मोठी माणसं, सिस्टर. नोफ्रियो आणि त्याचे दोन मेहुणे."

"मिशा असलेली माणसं?"

"एकाला दाढीपण आहे."

आत कुजबुज झाली, पावलं दूर गेली. बोर्तोलोला वाटलं आता संपलं, घंटा झाली असेल. पण थोड्या वेळाने दगडांवरून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज यायला लागला. बायकांचं धापा टाकणं, "अगं माझा पाय", "डावीकडे, डावीकडे", पुन्हा ते दाबलेलं हसू. बोर्तोलोची मान आपोआप वळायला लागली. त्याने बंदुकीची नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि समोरच्या पडक्या घरातल्या विटांवर नजर रोवली. शेवटी त्याच्या गुडघ्याशेजारून एका तुळईचं टोक हळूहळू बाहेर आलं. एका बाजूने जळलेली, पण चांगली जाडजूड.

"तोफगोळ्याने आमच्या लाकूडघराचं छप्पर पाडलं," सिस्टर सेराफिना दम खात म्हणाली. "त्यातली आहे. तुझ्या सार्जंटला सांग, मठाकडून."

सार्जंट तिरोनीने तुळई बघितली, बोटाने जळका भाग खरवडला आणि मठातून लाकूड बाहेर कसं आलं ते विचारायचं टाळलं. चार शिपाई लागले. तुळई आत सरकवली, दांडा बाहेर ओढला, वरची घोडागाडी जराशी कलली पण टिकली. नोफ्रियो आणि त्याच्या मेहुण्यांनी दांडा खांद्यावर घेतला आणि गल्लीतल्या बायका त्यांच्यामागून चालत निघाल्या. संताची मिरवणूक असावी तशा.

पुढच्या दिवशी सकाळी आवाज सुरू झाला. धप्. कर्रर्र. धप्.

भिंतीमागे प्रार्थना चालू होती. ती मध्येच क्षणभर अडखळली आणि मग जरा घाईघाईने पुढे गेली. बोर्तोलोला स्वतःशीच हसू आलं.

त्याच दिवशी गवंडी आला. दुपारपर्यंत भिंत गुडघ्याएवढी झाली, मग त्याचा चुना संपला आणि तो आणायला गेला. गवंडी रस्त्याच्या टोकाला दिसेनासा झाला तोच सिस्टर सेराफिनाचा आवाज आला. आज त्यात प्रश्न नव्हता.

"तुला कुणाला आत सोडायचं नाही असा हुकूम आहे ना?"

"हो, सिस्टर."

"बाहेर सोडायचं नाही असा आहे का?"

बोर्तोलोने आठवून बघितलं. सार्जंटचे शब्द एकेक करून. "नाही," तो म्हणाला.

त्याच्या शेजारून एक छोटीशी, काळ्या कपड्यातली बाई नव्या भिंतीवरून पाय टाकून रस्त्यावर उतरली. तोंडावर जाळी ओढलेली. ती दगडांवरून अशी चालत होती की जणू प्रत्येक दगड कधीही हलेल. ती एकदा थांबली, वर आभाळाकडे बघितलं, मग डाव्या हाताने भिंत चाचपत कोपऱ्याकडे गेली आणि वळली.

आता बोर्तोलोला जागा सोडता येत नव्हती आणि कोपऱ्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. तो फक्त ऐकत होता. धप्, कर्रर्र, धप्. मग आवाज अचानक बंद पडला. काहीतरी पडलं. आगातिना काहीतरी म्हणाली. मग अगदी शांत. बोर्तोलोच्या मनात नाही नाही ते आलं. कुणी ओरडेल, कुणी पाद्र्याला बोलवायला धावेल. पण काहीच झालं नाही. आणि मग आवाज पुन्हा सुरू झाला. या वेळी जरा वेगळा, हळू, दोन धप्पांमध्ये जास्त वेळ गेलेला.

गवंडी अजून आला नव्हता. सिस्टर सेराफिना कोपऱ्यावरून वळून आली तेव्हा तिच्या तोंडावरची जाळी मागे गेलेली होती. पन्नाशीची बाई, गोल चेहरा, गाल उन्हाने की कशाने लाल झालेले. तिने बोर्तोलोकडे सरळ बघितलं, पहिल्यांदाच.

"तू असा दिसतोस होय," ती म्हणाली. "मला वाटलं मिशा असतील."

ती नवी भिंत ओलांडायला वळली आणि बोर्तोलोला तिच्या काळ्या झग्याच्या मागे, बरोबर बसायच्या जागी, पिठाचा पांढरा आडवा पट्टा दिसला.

त्याला हुकूम आठवला. आत बघायचं नाही. पण ती अजून पूर्ण आत गेली नव्हती.

"सिस्टर," तो हळूच म्हणाला, "मागे पीठ लागलंय."

तिने हात मागे नेऊन झग्याला दोन चापट्या मारल्या. पीठ उडालं, पण सगळं गेलं नाही. काळ्यावर पांढरं. आणि तेवढ्यात आतून काठी टेकत टेकत कुणीतरी येत असल्याचा आवाज झाला. सिस्टर सेराफिना जागीच थांबली. बोर्तोलो चटकन रस्त्याकडे वळला आणि ताठ उभा राहिला.

काठी भिंतीजवळ येऊन थांबली. म्हातारा, कोरडा आवाज. या मदर असणार.

"सेराफिना, कुठे गेली होतीस?"

"कोपऱ्यावर, मदर."

"हे काय लागलंय तुझ्या झग्याला?"

"रवा, मदर."

काठी एकदा जमिनीवर आपटली, जणू पुढचे शब्द शोधत असावी. सिस्टर सेराफिनाने माफी मागितली नाही. गल्लीतून आवाज येतच होता, धप्, कर्रर्र.

मग मदरनी आवाज खाली आणला. बोर्तोलोला ऐकायला कान टवकारावे लागले.

"सांग मग," त्या म्हणाल्या. "काय आहे ते?"

सिस्टर सेराफिना सांगायला लागली तेव्हा गवंडी चुन्याची बादली घेऊन कोपऱ्यावर आलेला होता. बोर्तोलो पुढे गेला आणि त्याला अडवून उभा राहिला. "थोडा वेळ थांबा," तो म्हणाला. गवंड्याने का म्हणून विचारलं. बोर्तोलोने खांदे उडवले, आणि दोघंही बादलीवर नजर ठेवून उभे राहिले, चुना घट्ट व्हायला लागेपर्यंत.