बिनपॉलिशची खुर्ची

मी शाळेत खेळ शिकवते. एके काळी माझी शिट्टी वाजली की रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा ब्रेक दाबायचे. मग कोविड येऊन गेला आणि बिऱ्हाड मागेच ठेवून गेला. डॉक्टरीणबाई त्याला लाँग कोविड म्हणतात, मी त्याला मेला म्हणते. जिना चढले की धाप, केस विंचरले की थकवा, नाकाला वास म्हणून नाही, आणि शिट्टीतून नुसतं फुस्स. अकरा महिने ती खुंटीला लटकून होती.

शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, एक तारखेला मैदानावर एक पूर्ण तास घेऊन दाखवा. बसून घेतलात तरी चालेल. नाही जमलं तर ग्रंथालय सांभाळा." ग्रंथालय वाईट नाही हो, पण तिथे ओरडता येत नाही. माझ्या हातात बारा दिवस होते.

त्यातच एक गंमत झाली. नणंदेकडे दोन दिवस राहायला गेले आणि तिच्या जिन्याच्या सोळा पायऱ्या न थांबता चढले. घरी परतले, तर संध्याकाळपर्यंत छातीवर पुन्हा पाटा ठेवल्यासारखं. नणंद प्रयोगशाळेत काम करते. कोडं दिसलं की तिची तहानभूक हरपते. दुसऱ्याच दिवशी ती हवेतली धूळ आणि धूर मोजणारी एक डबी घेऊन दारात हजर. हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे पळा.

"वहिनी, आज चोर पकडायचा," ती म्हणाली.

कितीतरी महिन्यांनी मला जिंकण्यासारखं काहीतरी सापडलं होतं. मी सोफ्यावरून हुकूम सोडत होते, ती डबी फिरवत होती. न्हाणीघर हिरवं. स्वयंपाकघरात तवा तापवला, पिवळं. खिडकी उघडली तसं उतरलं. छातीत अंतिम सामन्यासारखी धडधड होत होती आणि ही धडधड आजाराची नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग तिने डबी मागच्या खोलीच्या बंद दारापाशी धरली आणि आकडा उड्या मारत सुटला. शंभर, दोनशे, चारशे. लाल.

आत माझा नवरा होता. खुर्च्या-टेबलांना पॉलिश करणारा, वीस वर्षं मुरलेला कारागीर. मी आजारी पडल्यावर त्याने कोपऱ्यावरच्या दुकानाला कुलूप लावलं आणि काम घरी आणलं, मला वेळेवर पाणी देता यावं म्हणून. ओल्या पॉलिशवर धुळीचा कण बसू नये म्हणून घरभर खिडक्या बंद. मला वारं लागत नाही, हा वरचा फायदा. वास मला येत नव्हता आणि त्याला जाणवत नव्हता. काखेत कळसा आणि मी मात्र तीन डॉक्टरांना वळसा घालून आले होते.

"डबी बिघडलीय," तो दार किलकिलं करून म्हणाला.

नणंदेने डबी गॅलरीत नेली. हिरवी. परत आणली. लाल. "हातच्या काकणाला आरसा कशाला, दादा?"

"वीस वर्षं मी यातच उभा आहे. मला कुठे काय झालं?"

"तुला झालं नाही म्हणून हिला होणार नाही, असं कुणी लिहून दिलंय?"

मला संताप आला. मी दार ढकललं. उन्हाच्या पट्ट्यात लाकडाची धूळ तरंगत होती आणि मधोमध एक उंच खुर्ची उभी होती. मातीत रुतू नयेत म्हणून पाय रुंद, पाठीला छत्री खोचायची जागा, हाताशी शिट्टी अडकवायला पितळी आकडा. मुख्याध्यापकांचं बोलणं झाल्यापासून तो ती दाराआड पॉलिशपेपरने घासत होता.

"उद्यापासून पॉलिशचे बारा हात मारणार होतो," तो खाली बघत म्हणाला. "एक तारखेला तुला दिली असती."

संताप होता तिथेच होता, पण त्याच्या शेजारी रडूही येऊन बसलं.

"अहो, पॉलिशचा वास किती दिवस राहतो?"

"तीन आठवडे. जास्तच." बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं.

हा माणूस असा, की एकदा मेहुण्याने अर्धवट पॉलिशचं स्टूल नेलं, तर याने ते भर रस्त्यातून परत आणलं होतं. त्या संध्याकाळी त्याने डबे, चिंध्या, ब्रश सगळं दुकानात हलवलं, ओल्या फडक्याने घर तीनदा पुसलं आणि खिडक्या सताड उघडल्या. आजार पळाला नाही. दुपारी दोनदा आडवं व्हावं लागतच होतं. पण आगीत तेल ओतणं थांबलं होतं, आणि आठव्या दिवशी मी घरच्या जिन्यात एकदाच थांबले.

एक तारखेला चाळीस पोरं, मी, आणि माझी कोरी खुर्ची. पन्नास मिनिटं मी बसल्या जागेवरून सगळ्यांना पळवलं. ओरडण्यासाठी जन्मलेली बाई, पण श्वास जपून हातवाऱ्यांवर भागवलं. नवरा कुंपणाशी उभा होता. शाळेचा शिपाई खुर्चीकडे बघत त्याला म्हणाला, "पॉलिश राहिलं की हो हिचं."

नवऱ्याने त्या उघड्या लाकडावरून एकदा नजर फिरवली.

"नाही राहिलं," तो म्हणाला. "पूर्ण झालीय ती."

तास भरला. मी आकड्यावरची शिट्टी काढली, ओठांना लावली आणि फुंकली. मैदानाच्या पार त्या टोकाला पळणारी पोरं जागच्या जागी थांबली.