फोटोंच्या पाठीमागचं अक्षर

रंगारी सोमवारी येणार म्हणून ताईंनी रविवारी सकाळीच माळा रिकामा करायला घेतला. ताई म्हणजे औषधाच्या दुकानातल्या ताई. बावीस वर्षं काउंटरमागे उभं राहून त्यांना घराबाहेर दुसरं नावच उरलं नव्हतं. जुन्या सुटकेसच्या मागे एक्स-रेचं मोठं तपकिरी पाकीट सापडलं. आत एक्स-रे नव्हता, फोटो होते. तीस-चाळीस तरी असतील.

आधी त्यांना गंमत वाटली. पहिल्या फोटोत त्यांचं पुस्तकांचं कपाट होतं. मग एकेक पुस्तक, टेबलावर आडवं ठेवून काढलेलं. मग खेळणी: एका कानाचा ससा, चावीची आगगाडी, चाक निखळलेला घोडा. मग समुद्र, घाट, कुठलंसं धरण. "कोण बसलं होतं हे काढत?" असं पुटपुटत त्यांनी एक फोटो उलटा केला.

मागे निळ्या शाईत लिहिलं होतं, 'हे पुस्तक माझं. मी हे दोन वेळा वाचलंय.'

अक्षर त्यांचंच होतं. त्यांचा 'ळ' शाळेपासून पोट सुटल्यासारखा यायचा, त्यावरून दुकानात चेष्टाही व्हायची. त्यांनी भराभर फोटो उलटे करायला सुरुवात केली. सशामागे, 'हा ससा. मुलीचा. फेकून देऊ नये.' समुद्रामागे, 'इथे आम्ही गेलो होतो. मी पाण्यात उतरले होते.'

यातलं काहीही लिहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पाकीटही कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं.

गेल्या गुरुवारीच एका आजोबांना त्यांनी रक्तदाबाची दुप्पट ताकदीची गोळी काढून दिली होती. "ताई, माझी गुलाबी असते," असं आजोबाच म्हणाले म्हणून निभावलं. तेव्हा त्यांनी थकव्यावर ढकललं होतं. आता मनात पाल चुकचुकली. त्यांच्या मावशीचंही चिठ्ठ्यांपासूनच सुरू झालं होतं. नळावर 'बंद कर', मिठाच्या बरणीवर 'मीठ'. आणि एक दिवस पोटच्या मुलाला मावशीने विचारलं होतं, "आपण कुणाकडे आलात?"

त्यांनी पाकीट गादीखाली सारलं आणि पलंगावर बसून तेराचा पाढा म्हटला. बरोबर आला. मग लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं प्रमाण आठवलं, वजनाप्रमाणे. तेही आलं. पण जे विसरलंय ते विसरलंय हे तरी कळणार कसं?

जेवताना त्यांनी शक्य तितक्या सहज आवाजात नवऱ्याला विचारलं, "अहो, समुद्रावर गेलो होतो तेव्हा मी पाण्यात उतरले होते का?"

नवरा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. सहसा गडबडून जाणारा माणूस नव्हे. पण त्याचा घास हातातच राहिला.

"कुठून काढलंस हे?"

म्हणजे यांना माहीत आहे. ताईंनी पाकीट आणून ताटाशेजारी ठेवलं. "मला मावशीसारखं झालंय का? खरं सांगा."

"झालेलं नाही," तो म्हणाला. "झालं होतं."

मग त्याने सांगितलं. पंचवीस वर्षांपूर्वी, लेक चार वर्षांची असताना, ताईंचा ताप मेंदूत गेला होता. अकरा दिवस दवाखान्यात. घरी आल्या त्या कोऱ्या पाटीसारख्या. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या वस्तूंचे फोटो काढा, मागे त्यांच्याच हाताने लिहून घ्या. तीन महिन्यांनी जुनं सगळं परत आलं. ते तीन महिने मात्र आले नाहीत.

"मला कधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं ना. दोनदा. दोन्ही वेळा तू दिवसभर दार लावून बसलीस. आणि आठवड्याभरात ते सांगितलेलंही विसरलीस. तिसऱ्यांदा माझीच हिंमत झाली नाही."

हे ऐकून ताई आधीपेक्षा जास्त घाबरल्या.

त्याने गठ्ठ्यातून बसशेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाचा फोटो काढला. मागे होतं, 'हे माझे यजमान आहेत असं म्हणतात. वागायला बरे आहेत.'

"एवढंच सर्टिफिकेट आहे माझ्याकडे," तो म्हणाला, पण हसू काही नीट आलं नाही.

शेवटचा फोटो लेकीचा होता. 'ही भिंगरी. माझी मुलगी आहे. रडली तर जवळ घ्यायचं असतं.'

ताईंनी तो वाचला आणि सरळ लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती.

"भिंगरे, मी आजारी होते ते तुला आठवतं?"

ती म्हणाली, "आठवतं. तू मला अहो-जाहो करायचीस. 'तुम्ही जेवलात का?' म्हणायचीस. मला वाटायचं, मी मोठी झाले म्हणून."

"मला घाबरायचीस?"

"नाही गं आई. तूच मला घाबरायचीस."

सोमवारी रंगाऱ्याला परत पाठवलं. ताईंनी दुकानाच्या मालकांना फोन करून गुरुवारची चूक स्वतःहून सांगितली आणि डॉक्टरांकडे गेल्या. तपासण्यांत चार दिवस गेले, जीव टांगणीला लागला. निकाल आला: जुना व्रण आहे, नवीन काही नाही, दर वर्षी दाखवून जा. पुढे काही होणारच नाही, असं लिहून द्यायला मात्र डॉक्टर तयार नव्हते. ताई कामावर रुजू झाल्या. पण आपण काढलेलं प्रत्येक औषध दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, असं त्यांनी मालकांकडून कबूल करून घेतलं. भीती गेली नाही. फोनवर एखादा शब्द पटकन सुचला नाही तरी काळजात धस्स व्हायचं.

पुढच्या रविवारी दुपारी त्या नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"ते तीन महिने मला सांगा. पहिल्या दिवसापासून. दार लावून घ्यायला लागले तर लावू देऊ नका. आणि विसरले तर पुन्हा सांगा."

त्याने चष्मा काढून पुसला.

"पहिल्या दिवशी," तो म्हणाला, "तू उंबऱ्यातच उभी राहिलीस. मला विचारलंस, 'आत आलं तर चालेल का?'"